गळती

लिव्हरपायी नवऱ्याने, तार्चीझिओने, ग्राप्पा दारूची बाटली सोडली, त्याच वर्षी ओर्नेल्लाने ही जुनी मोटारहोम घेतली आणि स्वतःच्या हाताने दुरुस्तीला काढली. गॅसगळतीचा नवा अलार्म बसवला आणि तिची झोपच उडाली. संध्याकाळी दोघं आत जरा टेकली, की शेगडी बंद असतानाही मेला किंचाळायचा. तिने नळी बदलली, रेग्युलेटर बदलला, सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ!

“विकून टाक हे भंगार. एक दिवस दोघांचा कोळसा होईल,” तार्चीझिओ म्हणाला आणि रोजच्यासारखा चौकातल्या बारमध्ये कॉफी प्यायला गेला.

तिने सिलिंडरच उचलून बाहेर गवतावर ठेवला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि अलार्म वायर न तोडता भिंतीवरून काढून मांडीवर घेऊन बसली. तो गप्प. बराच वेळ गप्प. तिच्या जिवात जीव आला.

“काय गं, सापडली का गळती?” तार्चीझिओने परत येऊन तिच्या मांडीवर वाकून पाहिलं.

त्याच्या श्वासासरशी अलार्म किंचाळला.

ओर्नेल्लाने गवतावरच्या सिलिंडरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“सापडली,” ती म्हणाली.