शिडाचा दांडा

"काका, एकटेच जातास?" धक्क्यावर होडीचा दोर सोडताना जानूने विचारलं.

"मग काय वरात काढू?" मी खेकसलो.

बायको गेल्यावर शिडाची होडी आज पहिल्यांदाच बाहेर काढली होती. सकाळी निघायचं, निवतीच्या खडकांना वळसा घालायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, हा आमचा रविवारचा नेम. ती पुढे विणत बसायची. होडी वळली की शिडाखालचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला फिरतो. विणकामातून मान वर न करता ती हाक द्यायची, "अहो, डोकं!" मी वाकायचो आणि दर वेळी तेच म्हणायचो, "दिसतंय मला!"

खडकांपाशी मी होडी वळवली. दांडा गर्रकन फिरला आणि कपाळावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. इतकी वर्षं मला तो कधी दिसतच नव्हता. तिची हाक आली की मी वाकत होतो.

परतताना वारा समोरून होता, त्यामुळे पुन्हापुन्हा वळावं लागलं. प्रत्येक वळणाला मीच मोठ्याने म्हणालो, "अहो, डोकं!" आणि वाकलो.

"दिसतंय मला" मात्र एकदाही म्हणालो नाही.