खोक्यातली शेड

"नट आवळायचे दोन पाने, एक स्टूल आणि दोन माणसं. बास!" जावयाने जाहिरातीचा कागद टेबलावर पसरला. "चार तासांत शेड उभी."

सासरेबुवांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या दारात गाड्यांसाठी लोखंडी शेड उभारल्या, त्याच्या पोटच्या पोरीच्या दारात शेड यायची ती खोक्यातून! आणि तेही त्यालाच चहा पाजून, गोड बोलून सांगायचं!

"चार तास तर मी नुसती जागा बघतो," ते म्हणाले. "पाणी कुठून येतं, जमीन कुठे खचलीय, गाडीचं दार किती उघडतं. तुमच्या खोक्याला काय कळणार?"

"बाबा, वर्कशॉप बंद करून दोन वर्षं झाली," लेक म्हणाली. "गुडघे तुमचे असे. कशाला उगाच?"

"उगाच? सगळ्या जगाला शेड बांधून दिली, तुला द्यायची राहिली. ती मला माझ्या हातांनी द्यायची आहे. यात उगाच काय?"

लेकीने नाद सोडला. जावई मात्र सोडणाऱ्यांतला नव्हता.

"अहो, पण यात सगळं मशीनवर कापलेलं असतं. मोजूनमापून. माणसाचा हात कुठे लागतच नाही."

"तेच म्हणतोय मी! हात लागत नाही!" सासरेबुवांनी कप बशीवर आदळला. "हाताचं काम काय असतं, ते तुम्हाला सांगतो. एका साहेबांनी माझ्याकडून शेड बांधून घेतली. तीन दिवस समोर स्टूल टाकून बसले होते, हातात वही घेऊन. उतार किती, पाइप कुठला, आधी कुठला खांब. बारीकसारीक सगळं विचारायचे आणि लिहून घ्यायचे. म्हटलं, साहेब, धंदा शिकायचाय का? तर म्हणाले, उस्ताद, असं काम आता बघायला मिळत नाही. अशी कदर करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. तुमच्या खोक्यासमोर बसेल का कोणी स्टूल टाकून?"

जावयाला हसू आवरेना. "बरं, असं करू. खोकं आलं की तुम्ही तपासा. एक चूक दाखवा. एकच! खोकं परत पाठवतो आणि शेड तुम्ही बांधायची."

"एक? दहा दाखवतो," असं म्हणून सासरेबुवा उठले आणि तरातरा चालू लागले.

घरी जाताना वाटेत त्यांच्याच शेड लागत होत्या. दातांच्या डॉक्टरांची, मग हेडबाईंची, कोपऱ्यावर दूधवाल्याची. आज प्रत्येकीपाशी ते थांबले. वादळात डॉक्टरांचं झाड पडलं, भिंत पडली, शेड हलली नाही. ही कामं काय खोक्यातून आली होती? रागाच्या भरात त्यांनी डॉक्टरांच्या खांबावर थाप मारली आणि सवयीने खाली पाहिलं. खांबाच्या बुडाशी असलेल्या प्लेटला बोल्टची चार भोकं आणि कोपऱ्यात एक जास्तीचं. ही त्यांची खूण. खूण कसली, चूकच होती. उमेदीत असताना प्लेटचा फर्मा बनवला तेव्हा ड्रिल घसरलं, आणि फर्मा नवा करायचा त्यांना कंटाळा आला. मग त्या फर्म्यावरून पाडलेल्या प्रत्येक प्लेटला ते भोक पडतच राहिलं. कोणी विचारलंच, तर ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "लोखंडाला श्वास घ्यायला." लोक मान डोलवायचे. लेक लहानपणी त्या भोकाला कान लावून बसायची. खरी गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

रविवारी खोकं आलं. सासरेबुवा गुण्या, टेप आणि ओळंबा घेऊन हजर झाले. अंगणात चादर अंथरली, चष्मा पुसला आणि एकेक तुकडा हातात घेतला.

पहिला पाइप मापात. दुसरा मापात. काटकोनाला गुण्या लावला, केसभर फट दिसेना. रंग नखाने खरवडून पाहिला, तो निघेना. सासरेबुवांच्या कपाळावर आठ्या वाढत चालल्या.

"उतार किती दिलाय?" त्यांनी दरडावून विचारलं. जावयाने पुस्तिकेत बघून सांगितलं. त्यांनी स्वतः तेवढाच ठेवला असता.

"आधी कुठला खांब उभा करायचा?"

"मागचा डावा."

तेही बरोबर होतं. हे किट करणारा माणूस जाणकार दिसतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. जाणकार असून असले धंदे करतो! दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेतो! लाज नाही वाटत?

दुपार होत आली. लेकीने दोनदा सरबत आणलं, दोनदा ते तसंच राहिलं. जावई तोंडाने शीळ घालत होता, आणि ती शीळ सासरेबुवांच्या थेट डोक्यात जात होती. शेवटी एकच पुडकं उरलं, खांबांखालच्या प्लेटचं.

त्यांनी प्लास्टिक फाडून वरची प्लेट उचलली आणि कडेने अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. अंगठा कोपऱ्यात जाऊन थांबला. त्यांनी दुसरी प्लेट उचलली. मग तिसरी.

"काय झालं, बाबा?" जावयाची शीळ थांबली. "सापडली का चूक?"

लेक जवळ आली. तिने आधी प्लेटकडे पाहिलं, मग बापाकडे.

"सापडली," सासरेबुवा म्हणाले. आवाज इतका हळू होता की जावयाला पुढे वाकावं लागलं.

"कुठे? हे कोपऱ्यातलं भोक होय!" जावयाने पुस्तिकेची पानं भराभर उलटली. "नाही हो, बाबा, ही चूक नाही. हे मुद्दाम दिलंय. हे बघा, पान सात." आणि त्याने एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचून दाखवलं, "'कोपऱ्यातील पाचवे भोक बुजवू नये. ते लोखंडाला श्वास घेण्यासाठी आहे.'"