निरोपाची कादंबरी

फाउंड्रीचे मालक कामगाराला काढून टाकताना त्याच्या हातात जाडजूड कादंबरी ठेवत, कुणाच्याही उपकारावर न जगणाऱ्या एका कारखानदाराची. "वाच, म्हणजे माझा राग येणार नाही," म्हणत. कादंबरी घेऊन कामगार फाटकाशी आला की रखवालदार त्याची झडती घेई, नियम मालकांचाच. आज लेकीने तीच कादंबरी त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, आता तुमच्याने होत नाही. भागीदारांनी कारखाना माझ्याकडे सोपवलाय." "अगं, हाडाची काडं करून उभारलाय मी तो." "चालवेल त्याचा कारखाना, असंच लिहिलंय यात." "कुठे?" "शेवटी. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत वाटतं." खरंच नव्हते पोचले. शेवट तरी बघू म्हणून पुस्तक काखोटीला मारून ते निघाले. फाटकाशी रखवालदाराने सवयीने उठून सलामाला हात कपाळाशी नेला. तेवढ्यात त्याला काखेतलं पुस्तक दिसलं. हात खाली आला. "हात वर करा, मालक."