बहुमताचं दार

नलिनी देवस्थळींनी अंगठा टेकवला. त्यांच्याच घराचं दार अदबीनं म्हणालं, "मालक नसलेल्यांनी कृपया बेल वाजवावी."

"जुन्या सॉफ्टवेअरमधून भामटा शिरला आणि तुमचा फ्लॅट कुणा ढोमसेंना विकून मोकळा झाला," सेक्रेटरी मोकाशी म्हणाले. मालकीची नोंद सोसायटीतल्या तेरा घरांतली यंत्रं मिळून ठेवत. बहुमत म्हणेल तो मालक. चार वर्षांत कुणी ती यंत्रं अपडेट केली नव्हती, दसऱ्याला त्यांना हार मात्र न चुकता घातला होता. "सात यंत्रांवर नवं सॉफ्टवेअर चढलं, की खोटी नोंद पुसली जाईल, वहिनी."

नलिनीताई बाराही दारं फिरल्या. सहाजणांनी अपडेट केलं. सहाजण म्हणाले, "चालतंय त्याला हात कशाला लावायचा?"

"सातवं तुमचंच की," मोकाशी म्हणाले.

"ते आत आहे. फ्रिजवर."

तेवढ्यात हमालांच्या पुढे धापा टाकत ढोमसे आले. त्यांनी अंगठा टेकवला, दार उघडलं.

"शेजारच्या का तुम्ही? या ना, चहा घेऊ. घर सामानासकट मिळालंय."

"येते ना," म्हणत नलिनीताई चपलांसकट फ्रिजकडे धावल्या.