लिंबाएवढी सवत

कल्पना करा बाळांनो, तुमची आई दर दोन तासांनी मांडी घालून बसते, आणि त्या मांडीवर तुमच्याऐवजी दुसरंच कोणी असतं! जरीपटका वस्तीतल्या हर्षाचं अगदी तसंच झालं. तिची आई जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात कामाला होती. संत्र्याच्या बागेत सापडलेलं जाहकाचं, म्हणजे भ्यायला की अंग गोळा करणाऱ्या छोट्या प्राण्याचं पोरकं पिल्लू, लिंबाएवढं आणि अंगभर काटे असलेलं, तिने घरी आणलं होतं. ती त्याला ड्रॉपरने दूध पाजायची. हर्षाचा नुसता जळफळाट व्हायचा. आई अंघोळीला गेली, की ती पिल्लाच्या खोक्यावर जोरात थापा मारायची.

"जा ना इथून! आई माही आहे!"

महिन्याभराने केंद्रातले मधुकरराव पिल्लाची परीक्षा घ्यायला आले. माणसाला न भिणारं पिल्लू रानात सोडत नाहीत. ते जन्मभर पिंजऱ्यातच राहतं. त्यांनी खोक्यात हात घातला. पिल्लू फुसफुसलं आणि गपकन काट्यांचा चेंडू झालं.

"पास! उद्याच सोडू याले. पण कामिनीताई, एवढ्या लाडात वाढलं, अन् माणसाले भ्यायला कुठं शिकलं जी?"

"मलेच समजून नाही राहिलं," आई म्हणाली. "मी तर याच्यावर कधी आवाजही नाही चढवला."

हर्षाने थापा मारणारे हात पाठीमागे लपवले. मधुकरराव गेल्यावर तिने खोक्यात अलगद तळहात ठेवला, आणि जेवायची हाक आली तरी ती पिल्लू उलगडायची वाट पाहत तिथेच बसून राहिली.