चाचणीचा फोटो

मुलुंडच्या डोंगरात हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा ट्रॅप कॅमेरा बसवला, की सुबोध स्वतः बिबट्यासारखा रांगत त्याच्यासमोरून जायचा. फोटो निघाला की चाचणी पुरी. वीस वर्षं माहितीपट करतानाची ही सवय.

या वेळी कॅमेरा लावल्यावर आठ दिवसांनी दुपारी त्याने त्यातलं मेमरी कार्ड आणलं. एडिटर कल्पिताने ते लावलं.

पहिला फोटो त्याचाच, रांगत झाडीत शिरताना. मग रानडुक्कर, बिबट्याची मादी.

शेवटचा आज सकाळचा. पुन्हा सुबोधच, रांगत झाडीतून बाहेर येताना.

"सकाळी गेलेलास का रे?"

"नाही गं. दुपारीच गेलो ना, कार्ड काढायला."

तिने फोटो मोठा केला. शर्ट तोच, पण फाटलेला. गालांवर आठ दिवसांची दाढी.

हे आठही दिवस रोज तिच्या शेजारी बसलेल्या सुबोधने गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला.

"हा एक उडव," तो म्हणाला.