कुणीतरी

"कुणीतरी गॅस बारीक करा," इंदुमती कपाटाकडे बघून म्हणाली. स्वयंपाकघरात तिच्याशिवाय धाकटी जाऊ शालन तेवढी होती. तिने मुकाट्याने गॅस बारीक केला.

पाच वर्षांपूर्वी एका बारशात इंदुमतीने चारचौघींदेखत तिला म्हटलं होतं, "तू नको घेऊस बाळाला." शालनला मूल नव्हतं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला होता. एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या, पण बोलायच्या ते कपाटाशी, नाहीतर भिंतीशी.

अलीकडे शालनचे केस मूठमूठ गळत. दोन घास खाल्ले की छातीत जळजळायचं, आणि झोपून उठली तरी अंगात कणीक तिंबण्याइतकीही ताकद नसायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पुन्हा पुन्हा मोजलं. "घरात काही ताण?" त्यांनी विचारलं.

"छे हो, आमच्या घरात कुणाचा आवाजसुद्धा चढत नाही," ती म्हणाली होती.

आता गॅसपासून वळताना तिच्या उजव्या हातातून पळी निसटली. अर्धं तोंड बधिर झालं. जावेला हाक मारायला हवी होती, पण जीभ सवयीने म्हणाली, "कुणीतरी..." आणि पुढचा शब्द फुटलाच नाही. ती ओट्याखाली कोसळली.

इंदुमतीने धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"त्या बोलतायत का?" डॉक्टरांचा प्रश्न शालनलाही ऐकू आला.

"नाही," इंदुमती कपाटाकडे बघत म्हणाली. "पाच वर्षं झाली."